उद्योजक म्हणून अमेरिकेत गेलं तर राजदूत होता येतं का?

तुमच्या पत्राचा सारांश असा: वय ३८, भोसरी एमआयडीसीत प्रेसकाम आणि शीटमेटल पार्ट्सचा कारखाना, फर्म भागीदारी, धाकटा भाऊ निम्म्याचा भागीदार, पत्नी आयटीत, मुलगा १२ वर्षांचा आणि मुलगी ९. अमेरिकेत व्यवसाय काढून सहकुटुंब कायमचं जायचं आहे. शेवटी, जरा संकोचून, विचारलं आहे की परदेशातून आलेले उद्योजक तिथे राजदूत झाल्याचं वाचलं, ते खरं का, आणि तसं काही मनात असेल तर आतापासून काय करायचं.

खरं आहे. संकोचायचंही कारण नाही, कारण त्या पदासाठी जी शिस्त लागते तीच ग्रीन कार्डाला आणि नागरिकत्वाला लागते. नेमणूक राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर असते, ती तुमच्या हातात नाही. पण नेमणुकीआधी जी चौकशी होते ती तुमच्या यंदाच्या सह्यांपर्यंत मागे जाऊ शकते. म्हणून त्या टोकाकडून मागे येत सांगतो.

आधी माणसं बघा. उस्मान सिद्दीक ढाक्याचे. इंडियाना विद्यापीठातून एमबीए केलं, १९७६ मध्ये वॉशिंग्टनजवळ प्रवास कंपनी काढली, ती वाढवली आणि १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांनी त्यांना फिजीला राजदूत म्हणून पाठवलं. नाउरू, टोंगा आणि तुवालू हे देशही त्यांच्याकडेच होते. विनय तुम्मलपल्ली हैदराबादचे, १९७४ मध्ये अमेरिकेत शिकायला आले. पुढे सीडी-डीव्हीडी उत्पादनाच्या धंद्यात शिरले आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या डिस्क बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख झाले. २००९ मध्ये ते बेलीझला राजदूत झाले, भारतीय वंशाचे पहिले अमेरिकी राजदूत. फेलिक्स रोहातिन व्हिएन्नात जन्मले, नाझींपासून पळून १९४२ मध्ये न्यूयॉर्कला पोचले, लझार्ड या बँकेत मोठे झाले, १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर गेलेल्या न्यूयॉर्क शहराला सावरण्यात पुढे होते, आणि १९९७ मध्ये फ्रान्सला राजदूत म्हणून गेले.

वर्षं मोजा. सिद्दीक यांना साधारण पाव शतक लागलं, तुम्मलपल्लींना ३५ वर्षं, रोहातिन यांना ५५. तुम्ही ३८ व्या वर्षी निघताय, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी हा विषय साठीच्या आसपासचा आहे. आणखी एक पाहा. तिघांनी धंदा राजदूतपदासाठी केला नव्हता आणि धंदा मोठा होता म्हणून त्यांना पद मिळालं असंही नाही. तुम्मलपल्ली आणि बराक ओबामा १९८० च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात एका घरात राहत होते, तेव्हा ओबामा कॉलेजात होते. अशी ओळख ठरवून करता येत नाही. पण पुढे ओबामांच्या २००८ च्या निवडणूक मोहिमेसाठी निधी जमवणाऱ्यांतही तुम्मलपल्ली होते, आणि तो भाग ठरवून करता येतो.

आता जायचं कसं. इथेच बहुतेक लोक चुकीच्या रांगेत उभे राहतात.

'इन्व्हेस्टर व्हिसा' म्हणून एजंट ज्याची जाहिरात करतात तो ई-२ भारतीय पासपोर्टावर मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारत आणि अमेरिकेत नाही. मग 'आधी ग्रेनाडाचं (या कॅरिबियन देशाचा असा करार आहे) नागरिकत्व विकत घ्या आणि तिथून ई-२ घ्या' असा सल्ला मिळतो. डिसेंबर २०२२ पासून पैसे देऊन नागरिकत्व घेतलेल्यांना त्या देशात सलग तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. शिवाय ग्रेनाडाचा पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी जातं. हा रस्ता सोडून द्या.

ईबी-५ मध्ये, म्हणजे गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या प्रकारात, ८ लाख डॉलर (ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात) किंवा एरवी १० लाख ५० हजार डॉलर गुंतवायचे आणि १० पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण करायच्या. आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड, नंतर आय-८२९ भरून अट काढून घ्यायची. पैशांची रक्कम ही यातली अर्धीच अडचण. एलआरएसखाली (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात आणि त्यासाठी भारतातल्या बँकेकडून कर्ज काढता येत नाही. गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर १० लाख रुपयांपुढे २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच घेतलेला कर) कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. त्याहून अवघड म्हणजे पैशाचा उगम. प्रत्येक रुपया कुठून आला हे कागदावर दाखवावं लागतं. चाकण-मोशीकडची जमीन विकून पैसे उभे करायचे असतील तर खरेदीखतावर रेडी रेकनरचा आकडा आणि बाकीची रक्कम रोख, हा आपल्याकडचा सर्रास व्यवहार इथे नडतो. रोखीच्या भागाचा उगम सिद्ध होत नाही आणि पांढऱ्या भागाबद्दलही शंका येते. जमीन विकायचीच असेल तर पूर्ण रक्कम बँकेतून, पूर्ण रकमेचं खत, आणि त्यावरचा कर भरलेला. भाव कमी मिळाला तरी चालेल.

एच-१बी हा कंपनीने नेमलेल्या कुशल नोकरदाराचा व्हिसा मालकाला सोयीचा नाही. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढीच संख्या, त्यात सोडत. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावण्यात आले. तुमच्या पत्नीला तिच्या कंपनीने पाठवलं तर वेगळी गोष्ट.

तुमच्या परिस्थितीत विचार करण्याजोगा एकच रस्ता दिसतो: एल-१ए, म्हणजे भोसरीच्या कंपनीने स्वतःची अमेरिकन शाखा काढून आपल्या व्यवस्थापकाला तिथे पाठवणं. गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग तुम्ही भारतातल्या कंपनीत व्यवस्थापक म्हणून काम केलेलं असलं पाहिजे. नव्या शाखेसाठी आधी एकच वर्ष मिळतं, मग दोन-दोन वर्षांची वाढ, एकूण सात वर्षांपर्यंत. या व्हिसावर पत्नीला आपोआप काम करता येतं.

यात दोन ठिकाणी अर्ज फेटाळले जातात. पहिलं, मालकीचं नातं. भारतातल्या फर्ममध्ये दोघे भाऊ निम्मे-निम्मे आणि अमेरिकेत मात्र तुमचे ८० टक्के, भावाचे २०, असं केलंत की दोन्ही कंपन्या 'एकाच मालकांच्या' राहत नाहीत आणि अर्ज नामंजूर होऊ शकतो. त्यापेक्षा भागीदारी फर्मची प्रायव्हेट लिमिटेड करा आणि अमेरिकन कंपनी तिची १०० टक्के उपकंपनी ठेवा. मग भावाभावांतली वाटणी कशीही असली तरी नातं सरळ दिसतं. पैसे कंपनीच्या खात्यातून ओडीआय (परदेशातली थेट गुंतवणूक) म्हणून पाठवायचे, स्वतःच्या खात्यातून एलआरएसखाली नाहीत. बँकेत फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यायचा, त्यानंतरच रक्कम जाते, आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल द्यायचा. हा अहवाल लोक दुसऱ्या वर्षापासून विसरतात. मग बँक पुढची रक्कम अडवते आणि अमेरिकेतला पगार थकतो.

दुसरं, एक वर्षानंतरची मुदतवाढ. तेव्हा तपासणारा अधिकारी एकच गोष्ट बघतो: हा माणूस व्यवस्थापक आहे की एकटाच सगळं करतो? कोटेशन तुम्हीच, पॅकिंग तुम्हीच, गोडाऊनची किल्ली तुमच्याकडे, पगारपत्रकावर तुम्ही आणि एक अर्धवेळ मुलगी, असं असेल तर मुदतवाढ मिळणं कठीण. त्या पहिल्या वर्षातच दोन-तीन पूर्णवेळ माणसं नेमून त्यांच्यातल्या एकाच्या हाताखाली दुसरा दाखवता आला पाहिजे. म्हणून सुरुवातीला पगारांसाठी किमान दीड वर्षाचा पैसा हाताशी ठेवा. यंत्रं नंतर घेता येतील. भोसरीचा कारखानाही चालूच राहिला पाहिजे. तो बंद पडला तर एल-१ चा पायाच जातो.

अमेरिकन कंपनी एक वर्ष प्रत्यक्ष धंद्यात असली की ती तुमच्यासाठी ईबी-१सी (परदेशातून बदलून आलेल्या व्यवस्थापकांच्या) प्रकारात ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकते. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्केच, यामुळे भारतीयांसाठी ईबी-२ आणि ईबी-३ (उच्चशिक्षित आणि कुशल नोकरदारांचे प्रकार) ची रांग दशकाहून लांब आहे. ईबी-१ मध्येही भारतीयांना काही वर्षं थांबावं लागतंय, पण सात वर्षांच्या एल-१ मध्ये ते बसू शकतं. मुलाचं वय १२ आहे हे विसरू नका. २१ पूर्ण झाल्यावर तो 'मूल' राहत नाही आणि रांगेतून बाहेर फेकला जाऊ शकतो. म्हणून ईबी-१सी चा अर्ज 'धंदा जरा बसू दे, मग बघू' म्हणून लांबवायचा नाही.

ग्रीन कार्ड मिळालं की खरी मोजणी सुरू होते. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जासाठी पाच वर्षं सलग वास्तव्य आणि त्यातले किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत लागतात. पाच वर्षं पुरी व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. भारतातली एखादी फेरी सहा महिन्यांहून लांबली तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात आणि ते तुटलं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर्षभराहून लांबली तर तुटलंच. दोन देशांत कारखाना चालवणारा माणूस इथे हमखास अडकतो: कामगारांचा करार, मोठी ऑर्डर, आईचं आजारपण. महिन्या-महिन्याच्या पाच फेऱ्या परवडतील, सलग सात महिने नाहीत. पासपोर्टावरच्या शिक्क्यांवर विसंबू नका. जाण्या-येण्याच्या तारखांची एक्सेल पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण नंतर सुरक्षा चौकशीच्या फॉर्मात सात वर्षांचा परदेश प्रवास देशवार मागतात.

या काळातल्या दोन चुका पुढे दुरुस्त होत नाहीत.

एक म्हणजे मतदार नोंदणी. ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेलं की तिथल्या पडद्यावर 'मतदार म्हणून नोंदणी करायची का' असा प्रश्न येतो आणि मागे रांग असल्यामुळे माणूस 'हो' दाबून पुढे जातो. नागरिक नसताना मी नागरिक आहे असं सांगणं, मग ते एका टिकमार्कने का असेना, हे कायमचं हद्दपारीचं कारण ठरू शकतं. तिथे थांबून वाचा.

दुसरी म्हणजे निवडणूक देणगी. व्हिसावर असताना कुठल्याही निवडणुकीत एक डॉलरही द्यायचा नाही, ना राष्ट्रीय, ना राज्याच्या, ना गावच्या. ग्रीन कार्डधारक देऊ शकतो. २०२५-२६ साठी राष्ट्रीय निवडणुकीत एका उमेदवाराला एका निवडणुकीत माणशी ३,५०० डॉलर ही मर्यादा आहे, प्राथमिक आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात. कंपनीच्या खात्यातून राष्ट्रीय उमेदवाराला देता येत नाही. आणि 'तू दे, मी तुला परत करतो' असं नोकराला, मित्राला, मेव्हण्याला सांगणं हा गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१४ मध्ये नेमका हाच गुन्हा कबूल केला. रक्कम होती २०,००० डॉलर. आठ महिने निगराणी केंद्रात राहणं, पाच वर्षं प्रोबेशन आणि ३०,००० डॉलर दंड झाला. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, पण माफी मिळेल या हिशेबाने कुणी वागू नये.

करांचं प्रकरण मात्र सावकाश वाचा, कारण पदासाठी पुढे आलेली नावं अनेकदा इथेच गळतात. अमेरिकेत करदाते झालात की भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचा असतो. यात फक्त तुमच्या नावची खाती नाहीत. ज्या खात्यावर तुमची सही चालते तेही येतं: भोसरीच्या कंपनीचं चालू खातं, एचयूएफचं (हिंदू अविभक्त कुटुंबाचं) खातं, आईबरोबरचं जॉइंट खातं, गावच्या पतसंस्थेतली ठेव. भारतीय म्युच्युअल फंडांना वेगळा फॉर्म ८६२१, आणि तो इतका किचकट की जायच्या आधी फंड विकून टाकणं बहुतेकांना स्वस्त पडतं. भारतीय प्रायव्हेट लिमिटेडमध्ये १० टक्के किंवा जास्त हिस्सा असला की फॉर्म ५४७१. तो चुकला तर फॉर्मामागे, वर्षामागे १०,००० डॉलर दंड, कर शून्य असला तरी. हिस्सा निम्म्याच्या वर गेला की कंपनीच्या न वाटलेल्या नफ्यावरही तुमच्या हातून कर जाऊ शकतो. तुम्ही बरोबर निम्म्याचे भागीदार आहात, ते तसंच राहू द्या. भावाने प्रेमाने एक टक्का जादा दिला तरी घेऊ नका.

आणि घरकामाची माणसं. बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींना रोख देण्याची आपल्या मंडळींत पद्धत आहे. वर्षाला साधारण ३,००० डॉलरच्या वर पगार गेला की त्यावर सोशल सिक्युरिटीचा कर भरायचा असतो आणि मावशींना काम करायची परवानगी आहे का हेही बघायचं असतं. १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांचं अ‍ॅटर्नी जनरल पदासाठीचं नामांकन याच मुद्द्यावरून मागे घ्यावं लागलं. मोठमोठे वकील जिथे आपटतात तिथे आपणही सांभाळलेलं बरं.

नागरिकत्वाची शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपोआप संपतं. पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढायचं. ओसीआय हे नागरिकत्व नाही: मत नाही, सरकारी पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, पण विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. मतदार यादीतलं नाव स्वतःहून काढून घ्या. अमेरिकन नागरिक झाल्यावरही गावात मतदान केलं असेल तर ते दोन्ही देशांत अडचणीचं ठरतं. आणि हा फाटा नीट लक्षात घ्या: या क्षणापासून तुम्ही भारताचे राजदूत कधीच होऊ शकत नाही. तसंही भारतात राजदूत जवळजवळ सगळे परराष्ट्र सेवेतले असतात, उद्योजकाला तिथे जागा नाही. अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर साधारण ३० टक्के राजदूत सेवेबाहेरचे, राजकीय नेमणुकीचे आहेत, आणि जन्माने नागरिक असण्याची अट फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षाला आहे.

मग नेमणूक कशी होते? निवडणूक जिंकल्यावर व्हाइट हाउसचं कार्मिक कार्यालय नावं गोळा करतं. १९८० चा परराष्ट्र सेवा कायदा सांगतो की राजकीय देणगी हा निकष असू नये आणि उमेदवाराला त्या देशाची माहिती असावी. प्रत्यक्षात निधी जमवणाऱ्यांची नावं यादीत असतातच. हे सगळ्यांना माहीत आहे. तोच कायदा उमेदवाराला गेल्या चार वर्षांच्या आणि चालू वर्षाच्या देणग्या जाहीर करायला लावतो, आणि नुसत्या स्वतःच्या नव्हेत, नवरा-बायको, मुलं, आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहिणी आणि त्यांचे जोडीदार यांच्याही. मेव्हण्याने कुणाला काय दिलं हे तेव्हा विचारत बसावं लागू नये म्हणून वर्षाच्या वर्षाला नोंद ठेवलेली चांगली.

नाव पुढे गेलं की कागद सुरू होतात. एसएफ-८६ हा सुरक्षा चौकशीचा शंभरावर पानांचा फॉर्म: दहा वर्षांचे पत्ते, दहा वर्षांची कामं, परदेशातले नातेवाईक सासरच्यांसह, परदेशी मालमत्ता, परदेशी धंदा, परदेशी सरकारशी संबंध. गुन्ह्यांच्या रकान्यात भारतातली प्रकरणंही येतात. कारखानदाराच्या बाबतीत ती कोणती, ते बघा: चेक बाउन्सची कलम १३८ खालची केस, पीएफ भरायला उशीर झाल्याचा खटला, फॅक्टरी इन्स्पेक्टरने दाखल केलेलं प्रकरण. आपल्याकडे याला कुणी 'गुन्हा' म्हणत नाही. पण ही फौजदारी प्रकरणं आहेत आणि एन-४०० मध्येही आयुष्यभराचे आरोप विचारतात. केस असणं फारसं नडत नाही, लपवणं नडतं. म्हणून प्रत्येक केसच्या निकालाची प्रमाणित प्रत पिंपरी किंवा पुण्याच्या कोर्टातून आत्ताच काढून ठेवा. वीस वर्षांनी ती फाइल सापडेल याची खात्री नाही.

दुसरा मोठा कागद संपत्ती जाहीर करण्याचा, ओजीई २७८ई. तो सार्वजनिक असतो, कुणीही मागून वाचू शकतो. नंतर नीतिविषयक करार होतो आणि त्यात कंपनीची सगळी पदं सोडायची, हितसंबंध आड येणारे शेअर विकायचे असं ठरतं. या सक्तीच्या विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर पुढे ढकलता येतो, पण त्यासाठी विकायच्या आधी डायव्हेस्टिचर प्रमाणपत्र (ही विक्री सरकारी पदासाठी करावी लागते असा दाखला) हातात लागतं आणि पैसे ६० दिवसांत सरकारी रोख्यांत किंवा मोठ्या विविधांगी फंडात घालावे लागतात. उत्साहाने आधी विकून मोकळं झालं की सवलत गेली. भोसरीतला निम्मा हिस्सा कुणाला आणि किती किमतीला विकायचा हा प्रश्नही तेव्हाच उभा राहतो. अनोळखी खरेदीदार मिळत नाही, भावाकडे तेवढे पैसे नसतात. भागीदारांच्या करारात बाहेर पडण्याची किंमत ठरवायची पद्धत आधीच लिहून ठेवलेली असेल तर हे प्रकरण पंधरा दिवसांत मिटतं.

यजमान देशाची संमती आधी गुपचूप घेतात. मग नामांकन सिनेटकडे, परराष्ट्र संबंध समितीपुढे सुनावणी, आणि शेवटी मतदान. एकटा सिनेटरही वाट अडवू शकतो, तुमच्याशी काही देणंघेणं नसताना. तेहरानमध्ये जन्मलेल्या बँकर अझिता राजी यांचं स्वीडनसाठीचं नामांकन ऑक्टोबर २०१४ मध्ये झालं आणि मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली. मधल्या काळात एका सिनेटरने इराणशी झालेल्या अणुकरारावरून नामांकनं रोखून धरली होती. असा काळ म्हणजे नवा धंदा करता येत नाही, जुना अर्धा सोडलेला, आणि सरकारी पगार सुरू नाही. दीड वर्षाचा घरखर्च बाजूला असला पाहिजे.

पद मिळाल्यावर धंदा पूर्ण बंद. राजनैतिक संबंधांच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ४२ यजमान देशात स्वतःच्या फायद्यासाठी कसलाही व्यवसाय करायला मनाई करतं, आणि अमेरिकेचे स्वतःचे नियम बाहेरच्या कमाईलाही बंदी घालतात. जाण्याआधी आर्लिंग्टनला काही आठवड्यांचं प्रशिक्षण असतं. दूतावासात तुमच्या खालोखालचा अधिकारी सेवेतला मुरलेला असतो आणि शहाणा राजदूत पहिले सहा महिने त्याचं ऐकतो. मालक म्हणून आलेल्या माणसाला हेच जड जातं. इथे नोकर काढता येत नाही, खर्चाला मंजुरी लागते, आणि प्रत्येक बैठकीची नोंद वॉशिंग्टनला जाते.

छोटा देश म्हणजे आरामाचं काम असंही समजू नका. सिद्दीक फिजीला पोचून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १९ मे २००० ला, जॉर्ज स्पाइट याने हत्यारबंद माणसं घेऊन सुव्हातली संसद ताब्यात घेतली. भारतीय वंशाचे पंतप्रधान महेंद्र चौधरी आणि त्यांचे सहकारी ५६ दिवस ओलीस होते. अशा वेळी देशातल्या आपल्या नागरिकांना कुठे हलवायचं, दूतावासातल्या कुणाला घरी पाठवायचं आणि बंडखोरांशी बोलायचं की नाही, हे आधी राजदूताच्या टेबलावर येतं. आणि राष्ट्राध्यक्ष बदलले की राजकीय नेमणुकीचे राजदूत राजीनामा देतात. तीन-चार वर्षं हीच सरासरी मजल. तुम्मलपल्ली २०१३ मध्ये बेलीझहून परतल्यावर परदेशी गुंतवणूक अमेरिकेत आणणाऱ्या सिलेक्टयूएसए या सरकारी उपक्रमाचे प्रमुख झाले. उद्योजकाला हे काम राजदूतपदाइतकंच, कदाचित जास्त, मानवतं. त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

धंदा न सोडता अशा कामाची हौस असेल तर मानद वाणिज्यदूत हा मार्ग आहे. मुंबईत आणि पुण्यातही उद्योजक दुसऱ्या देशांचे मानद वाणिज्यदूत असतात. पगार बहुतेक नसतो, कार्यालयाचा खर्चही अनेकदा स्वतःचा, पण स्वतःचा व्यवसाय चालू ठेवता येतो. अमेरिकेत त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की परदेशी सरकारसाठी केलेलं कुठलंही काम पुढे एसएफ-८६ मध्ये लिहावं लागेल. पुढे अमेरिकेचा राजदूत व्हायचं असेल तर आधी दुसऱ्या देशाचा वाणिज्यदूत होणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

यंदा करायची कामं त्यामानाने साधी आहेत. कुटुंबातल्या चौघांच्या जन्मदाखल्यांवरची नावं पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळतात का ते बघा. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, लग्नाआधीचं आडनाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि लग्नानंतरचं पासपोर्टावर, स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' कमी, या आपल्याकडच्या नेहमीच्या भानगडी. त्या राज्य राजपत्रात नाव प्रसिद्ध करून आताच मिटवता येतात, तिकडे गेल्यावर प्रत्येक अर्जाला शपथपत्र जोडत बसावं लागतं. आई-वडिलांचा जन्मदाखला नसेल तर महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्या. सीएकडून गेल्या आठ वर्षांची विवरणपत्रं, ताळेबंद आणि टीडीएसचे कागद एका पेन ड्राइव्हवर आणि एका फाइलमध्ये घ्या. आणि फर्मची प्रायव्हेट लिमिटेड करताना भावाबरोबरचा भागधारक करार त्याच महिन्यात सही करा. तुम्ही तिकडे, तो इकडे, मधे दोन वर्षं गेली की त्यातलं प्रत्येक कलम फोनवर ठरवावं लागतं.